भाऊसाहेबांचा पाण्याचा चार्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

चार्ज घेतला. स्नेहल शनिवारी दोन वर्षांसाठी जर्मनीला उडाली आणि तिचं कासव आजपासून माझ्याकडे. नाव भाऊसाहेब. वय पाचच्या आसपास, मूळ दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली जात, पायांवर लाल ठिपके, चाल सरकारी. वजन २१४० ग्रॅम. (किचनचा काटा, आंघोळीआधी, अंग कोरडं.)

वॉर्डात चौतीस वर्षं काढली. हँडओव्हर कसा द्यायचा असतो हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि माझ्या पोटच्या पोरीने मला दिलेला हँडओव्हर असा: "मम्मी, रोज कोमट पाण्यात बसव, बाकी तो बघतो."

तिची पद्धत मी तीन वर्षं पाहिली आहे. टबात ठेवायचं आणि शेजारी फोन घेऊन बसायचं, अर्धा अर्धा तास. त्याचं सगळं पाण्यातच होणार, पाणी गढूळ, आणि हा त्यात मजेत. बोललं की, "यार मम्मी, त्याला चालतं." माझ्या वॉर्डात असं कुणाला चालत नाही.

आजपासून रोज दुपारी चारला, पाणी बत्तीस अंश, थर्मामीटर लावून. खोली पोटाच्या कवचावर बोटभर, हनुवटी वर राहील इतकीच. पाणी घाण केलं की त्याच क्षणी बाहेर, टॉवेल, पेटीत. पेटीतली पाण्याची थाळीही काढून टाकली. तिच्यातच बसतो आणि तिच्यातच करतो. रोज आंघोळ मिळते आहे, थाळी कशाला.

जुन्या रजिस्टरमध्ये इनटेक-आउटपुट चार्ट आखला. वॉर्डात पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं हे लिहितो, तसाच, लाल-निळ्या रेघांनी. सुंदर दिसतोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाण्यात ठेवल्यापासून तीन मि. चाळीस से. झालं. लगेच उचलला. आउटपुट: भरपूर, पाण्यासारखं, थोडं पांढरं. इनटेक: आंघोळ ✓.

हे दारात उभे होते. रिटायर झाल्यापासून दारात उभं राहणं हे ह्यांचं पूर्ण वेळचं काम. म्हणाले, "बिचारा. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी."

दुर्लक्ष केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

भक्तीहून, म्हणजे चर्चच्या देवळातून, येताना लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या चड्ढाबाई. "सिस्टरजी, सुना है कछुआ रखा है आपने. वो तो अलाउड नहीं है ना?"

त्यांना तसंच वर घेऊन आले. आपल्याकडचं चांदण्यांचं कासव पाळायला बंदी आहे, हे ते नव्हे. नोंदणीचा कागद लॅमिनेट करून पेटीवरच चिकटवलाय, तो वाचायला लावला. शिवाय चार्ट दाखवला. बाईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "इतना तो मेरी सास का भी किसी ने नहीं लिखा."

संध्याकाळभर मी चांगल्या मूडमध्ये. ह्यांना दुसरा चहा न मागता मिळाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिल्लीची हवा आज इतकी वाईट की समोरचा टॉवर दिसत नाही. ओठ फुटलेत सगळ्यांचे. भाऊसाहेबांच्या पेटीत नारळाचा भुसा भिजवून ठेवला, दिवा चालू, दमटपणा सत्तर टक्के. अख्ख्या लक्ष्मीबाई नगरात आज चांगली हवा फक्त त्यांनाच आहे.

आंघोळ: दोन मि. पन्नास से. आतापर्यंतचा सर्वांत कमी वेळ. म्हणजे शिकलाय. पाण्यात ठेवलं की उरकायचं, हे त्याला कळलंय. स्नेहलला तीन वर्षांत जमलं नाही ते मी अकरा दिवसांत करून दाखवलं, आणि हे तिला लिहून कळवलंही. तिचं उत्तर: एक हसरं तोंड आणि "मम्मी तू ना."

२० नोव्हेंबर, गुरुवार

चार्ट वॉर्डात नेला. ट्रेनी मुलींना आखणी शिकवायला माझ्याकडे ह्याहून चांगला नमुना नाही. एकीने वरचं नाव वाचलं. "मॅम, भाऊसाहेब, उमर पाँच साल? बच्चे का इतना कम वज़न?"

"कछुआ है."

आधी हसल्या. मग तिघींनी फोटो काढून घेतले.

वजन २१२०. थंडी लागली, भूक मंदावणारच.

३० नोव्हेंबर, रविवार

२०८५.

व्हिडिओ कॉलवर स्नेहलने त्याला बराच वेळ पाहिलं. म्हणाली, डोळे आत गेल्यासारखे दिसतात. मग हळूच विषय काढला. कॉलेजातला तिचा मित्र अनूप, कोचीचा. त्याच्याकडे ह्याच जातीची सहा आहेत, बाग आहे, हवा बारा महिने दमट. "दिल्लीची थंडी त्याला झेपत नाही मम्मी. तुझी चूक नाही. दोन किलोच्या खाली गेला तर वाद घालू नकोस, मार्चमध्ये अनूप येऊन घेऊन जाईल."

तुझी चूक नाही. हे वाक्य मी स्वतः नातेवाइकांना सांगते. कधी सांगते ते मला ठाऊक आहे.

मी देणार नाही. ह्यांना तसं सांगितलं. पोरगी गेल्यापासून ह्या घरात चार वाजता काहीतरी ठरलेलं घडतं ते ह्याच्यामुळे. नाहीतर चार वाजता नुसते चार वाजतात.

७ डिसेंबर, रविवार

वजन २०६०. लघवीतलं पांढरं आता घट्ट येतंय, टूथपेस्टसारखं. हातमोज्यातून बोटांत चोळून पाहिलं, कचकच लागली. पपई अर्धी खाल्ली, भोपळ्याची पानं नुसती हुंगली. आंघोळीत ४ मि. १० से. वेळ वाढतोय.

डॉक्टरांची वेळ घेतली, गुरुवारची.

११ डिसेंबर, गुरुवार

नोएडाला जाऊन आलो. गरम पाण्याची पिशवी, वर स्नेहलचा जुना स्वेटर, आत भाऊसाहेब. हे म्हणाले, आपल्या लग्नातसुद्धा तू इतकी काळजीने बसली नव्हतीस गाडीत.

एक्स-रे काढला. मूत्राशयात बारीक खडीसारखं जमलंय. डॉक्टर तरुण आहेत, पण हात चांगला. म्हणाले, "पानी ठीक से मिले तो टूटकर निकल जाएगा. नहीं तो नीचे का कवच काटना पड़ेगा." मग विचारलं, "सोक कराते हैं? मतलब पानी में बिठाते हैं?"

"रोज़. बिना नागा. बत्तीस डिग्री." आणि चार्ट पुढे ठेवला.

त्यांनी एकेक पान पाहिलं. आतून आपल्या असिस्टंटला बोलावलं. "देखो, रिकॉर्ड ऐसे रखते हैं."

कातडीखाली सलाइन दिलं. सहा आठवड्यांनी, २४ जानेवारीला, पुन्हा एक्स-रे. येताना गाडीत मान ताठ, पण हात सारखा स्वेटरवर. कवच कापतात म्हणजे करवतीने. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सहा वर्षं होते, मला आवाज माहीत आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पाणी हवंय ना, मग आजपासून दिवसातून दोन आंघोळी. सकाळी साडेसहा, दुपारी चार. नियम तेच.

२० डिसेंबर, शनिवार

२०२०.

समजत नाही. आंघोळी दुप्पट केल्या तरी वजन उतरतंय. डॉक्टरांनी भरलेलं सलाइनसुद्धा गेलं कुठे कळत नाही. चार्ट तीनदा वाचला. एक दिवस चुकलेला नाही, एक रकाना रिकामा नाही. वॉर्डात पेशंट असा सुकायला लागला तर मी म्हणते, कुणीतरी कुठेतरी कामचुकारपणा करतंय. ह्यांना विचारलं, दुपारी तुम्ही त्याचा दिवा बंद करता का. म्हणाले, "मी कशाला हात लावीन? तुझी परवानगी घ्यायला अर्ज कोण करणार."

भांडण झालं. माझ्याकडूनच जास्त.

२१ डिसेंबर, रविवार

आज देवळात नाताळाचा मुलांचा कार्यक्रम, करंज्यांचं माझ्याकडे. सकाळची आंघोळ राहिली. ह्यांना कागदावर लिहून दिलं: बारा वाजता, बत्तीस अंश, घाण झाली की उचला, पुसा, पेटीत. चार ओळी. लहान मूलही करील.

दोनला घरी आले तर हे हॉलमध्ये फोनवर, नगरच्या भावाशी. कांद्याचा भाव चालला होता. "भाऊसाहेब?" म्हटलं, तर ह्यांचा चेहरा असा झाला की मी चप्पल न काढता बाथरूमकडे पळाले.

टबात. बाराच्या ऐवजी सव्वाला बसवलेला, म्हणजे पाऊण तास. पाणी कसलं, चिखल. आणि हा नाकापर्यंत तोंड बुडवून त्यात.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, करंज्या वाटून आलेल्या बाईला ते शोभणारं नव्हतं. हे सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "मी मधे एकदा डोकावलो होतो. तेव्हाही तसाच होता, तोंड पाण्यात घालून. गळा हलत होता त्याचा. मला वाटलं पितोय तर पिऊ दे."

"ते पाणी?"

"त्याला काही वाटत नव्हतं."

टब डेटॉलने धुतला. त्याला स्वच्छ पाण्याने पुसला. अंग पूर्ण वाळल्यावर काट्यावर ठेवला. २०९५.

काटा बिघडलाय.

२२ डिसेंबर, सोमवार

काटा बिघडलेला नाही. एक किलोची साखरेची पिशवी ठेवून पाहिली, मग दोन. बरोबर दाखवतो.

ड्यूटीवरून आल्यावर चारची आंघोळ. ३ मि. १५ से., झालं, उचलला. हात सवयीने जातो. आणि उचलल्यावर त्याने मान लांब केली, खाली टबाकडे. चारी पाय हवेत मारायला लागला. हे तो नेहमी करतो. मला वाटायचं, पोहायची हौस.

टॉवेलमध्ये गुंडाळून तशीच उभी राहिले.

तो आधी रिकामा होतो, मग पितो. साधी गोष्ट आहे. आतलं जुनं टाकायचं आणि मग नवं भरायचं. आणि मी बरोबर त्याच्या मधे त्याला उचलत होते. रोज. डिसेंबरात दिवसातून दोनदा. पाण्याची थाळीही मीच काढून घेतलेली. म्हणजे रोज त्याच्या अंगातलं पाणी काढून घेतलं आणि प्यायला दिलं नाही, आणि इनटेकच्या रकान्यात बरोबरची खूण करत गेले. इनटेक नव्हताच. आंघोळ म्हणजे इनटेक असं मीच ठरवलं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रडू आलं. ह्यांना कळू नये म्हणून नळ सोडला, पण ह्यांना कळलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

आधी वाटलं, दोन टब ठेवू. एकात केलं की दुसऱ्या स्वच्छ टबात. करून पाहिलं. उचलल्याबरोबर डोकं आत, पाय आत, दहा मिनिटं दगड. प्यायला नाही.

म्हणजे उचलायचं नाही. घाणीत बसू द्यायचं.

पुन्हा पाणी भरलं, स्टूल घेतलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. थोड्या वेळाने उरलंसुरलं केलं. पाणी गढूळ झालं. माझा उजवा हात आपोआप बाहेर आला, परत आत घातला. आयुष्यात मी कुणाला घाणीत इतका वेळ ठेवलेलं नाही.

नवव्या मिनिटाला मान सरळ पुढे आली, नाक पाण्याला टेकलं. गळ्याखालची कातडी हलू लागली. घोट. एक, दोन, तीन. एकेचाळीसपर्यंत मोजले.

थाळी पेटीत परत ठेवली.

२५ डिसेंबर

नाताळ. भक्तीला मन लागलं. चौतीस घोट.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सरोजिनी मार्केटला टॉवेल घ्यायला गेले. कडेच्या स्टेशनरीवाल्याकडून एक नवीन रजिस्टरही घेतलं. कशासाठी ते मला माहीत होतं. जुनं फेकून पहिल्या पानापासून नवा चार्ट. स्नेहलला काय, थंडीने उतरलं होतं, आता सावरतंय. ती विश्वास ठेवील. डॉक्टरही.

रात्रीपर्यंत रजिस्टर पिशवीतच होतं.

२७ डिसेंबर, शनिवार

वॉर्डातला नियम: चार्टवर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं. बाजूला "चूक", सही, तारीख. मी मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. जी मुलगी रेघ मारायला घाबरते तिच्या हातून एक दिवस पेशंट जातो, असंही सांगते.

चहा घेऊन जुनं रजिस्टर उघडलं. ३ नोव्हेंबरपासून सुरुवात. ✓वर आडवी रेघ, चूक, सही, तारीख. पुढची. पुढची. एकूण छप्पन्न. मधे पेन बदलावा लागला.

हे शेजारी येऊन बसले. दुसऱ्या पानानंतर म्हणाले, "एकदाच खाली लिहून सही केली तर नाही चालणार?"

"नाही चालत."

मग ह्यांनी पट्टी धरली, मी रेघा मारल्या.

संपल्यावर पानं पाहिली. माझं आखलेलं सुंदर रजिस्टर पार विद्रूप झालं होतं. पण त्यात आता एकही खोटी ओळ नाही. लाज वाटतेच. तरी खरं सांगायचं तर सगळ्या नोकरीत इतकी ताठ बसून मी कधी सही केली नसेल.

२८ डिसेंबर, रविवार

सगळ्या पानांचे फोटो स्नेहलला पाठवले. खाली दोन ओळी, काय झालं ते. दहा मिनिटांत फोन आला. वाटलं हसेल. हसली नाही.

"मम्मी, मी सांगायला हवं होतं. तो आधी करतो मग पितो, मला माहीत होतं. मला वाटलं ते सगळ्यांना दिसतंच."

"तुला कसं दिसलं?"

"फोन बघत बसायचे ना. उचलायची घाई नव्हती."

हँडओव्हर नीट द्यायचा असतो, एवढं मात्र ऐकवलं.

मग कामाचं बोललो. वजन सावरेल, पण खडीचं काय. तिचं म्हणणं: २४ तारखेच्या एक्स-रेत साफ निघालं तर भाऊसाहेब तुझा, अनूपला मी 'नको' म्हणून सांगते. नाही निघालं तर ऑपरेशन कोचीला, अनूपच्या ओळखीचे डॉक्टर ह्या जातीचीच करतात, आणि मग तो तिथेच राहील. "एवढ्या लांब ने-आण दोनदा नको त्याला. बरोबर ना?"

बरोबर आहे. मी पण तसंच सांगितलं असतं. फोन ठेवल्यावर पेटीशी जाऊन बसले.

२ जानेवारी, शुक्रवार

प्रश्न सुटला. घाणीत बसू द्यायचं हे मला कबूल आहे, पण घाणच प्यायला द्यायची हे अजून घशाखाली उतरत नव्हतं. मेडिकलमधून सलाइनचे दोन सेट आणले. एका नळीने टबातलं गढूळ पाणी मोरीत ओढायचं, दुसरीने वरच्या बादलीतलं कोमट पाणी हळूहळू आत सोडायचं. पातळी तीच, उष्णता तीच. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला न उठवता त्याच्याखालची चादर बदलतो, तसं पाणी बदललं. भाऊसाहेबांना पत्ताच नाही. सहा मिनिटांत पाणी काचेसारखं आणि तो मान खाली घालून पितोय. अठ्ठेचाळीस.

हे दारात. "सिस्टर, पेटंट घ्या."

घ्यायला हरकत नाही. व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला, खाली चूक काय होती तेही लिहिलं. उत्तर आलं: पूछना मुझे चाहिए था, कितनी देर. आणि पुढे, हा व्हिडिओ बाकीच्या लोकांना दाखवला तर चालेल का. चालेल म्हटलं.

वजन २०९०. आता काटा आंघोळीआधीच, रोज त्याच वेळी. आंघोळीनंतरच्या आकड्यावर विश्वास नाही.

६ जानेवारी, मंगळवार

वॉर्डात अकरा नंबरच्या आजी. चार्टवर सकाळचा इनटेक दोनशे मिली. टेबलावर ग्लास भरलेला, वर झाकण. ट्रेनी मुलीला विचारलं, प्यायल्या का? "मॅम, रखा तो था."

एरवी मी तिला बाहेर उभी केली असती. आज शेजारी बसवलं आणि दोघींनी मिळून आजींना पाजलं, चमच्या चमच्याने. पंचवीस मिनिटं लागली. मग तिला म्हटलं, आता रेघ मार, आणि सही कर. माझ्या छप्पन्नांबद्दल सांगितलं. सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही, आणि मला जेवढं जड जाईल वाटलं होतं तेवढं गेलं नाही.

११ जानेवारी, रविवार

धुकं, बर्फासारखी थंडी. सकाळी तीन तास वीज नव्हती, पेटी बावीस अंशांवर आली. गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, वर रजई. आंघोळीत काही केलं नाही, प्यायला नाही.

१२

नाही.

१३

नाही. थाळीलाही तोंड लावलेलं नाही. वजन २१०५वर अडकलंय. खात नाही.

१४ जानेवारी, बुधवार

सुट्टी टाकली. दिवसभर पेटीशी. पाण्यात बसवला, वीस मिनिटं झाली, तीस झाली. पाणी गार होऊ नये म्हणून नळीने कोमट सोडत राहिले. पस्तीसाव्या मिनिटाला मनात आलं, ह्याला कोचीला पाठवलं असतं तर आज हा बागेत असता. माझ्या हट्टापायी इथे आहे. हे मी ह्यांना बोलून दाखवलं.

हे म्हणाले, "हट्ट तुझाच आहे. पण पाणी बदलायला तिथे कोण बसणार आहे सहा जणांच्यात?"

प्यायला नाहीच.

१५ जानेवारी, गुरुवार

ऊन पडलं. आठ मिनिटांत सगळं केलं आणि त्रेसष्ट घोट प्यायला. त्रेसष्ट. मी मोठ्याने मोजत होते, हे दारातून मोजत होते. एक घोट त्यांचा जास्त आला, पण मी माझाच आकडा लिहिला.

संध्याकाळी गाजराचा हलवा केला. चड्ढाबाईंना वाटी पाठवली.

१९ जानेवारी, सोमवार

पांढरं पुन्हा मऊ, ताकासारखं पातळ. आता बाहेर ओढलेलं पाणी मी मलमलीच्या कापडातून गाळते. आज कापडावर तीन कण. खसखशीपेक्षा थोडे मोठे, टणक. सॅम्पलच्या बाटलीत घातले, लेबल लावलं: नाव, तारीख, वेळ, सही.

तीनच आहेत की आत आणखी आहेत, ते कुणाला माहीत. पण बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवलीय. हे म्हणतात, लोक क्रिकेटचे कप ठेवतात.

२३ जानेवारी, शुक्रवार

वजन २१६०. स्नेहलने सोडला तेव्हापेक्षा वीस ग्रॅम जास्त. तिला आकडा पाठवला, तिने दोन ओळी भरून हसरी तोंडं पाठवली आणि शेवटी लिहिलं, "अनूप मार्चची तिकिटं बघतोय, उद्या कळव."

बॅग भरली. चार्ट, कणांची बाटली, गरम पाण्याची पिशवी, स्वेटर. ह्यांनी विचारलं, उद्या काय होईल वाटतं. मी म्हटलं, मी नर्स आहे, ज्योतिषी नाही. पण आपण जे करायचं ते सगळं केलंय, आणि जे चुकलं ते सहीनिशी लिहिलंय. असं मी किती पेशंटच्या बाबतीत म्हणू शकते? फार नाही.

२४ जानेवारी, शनिवार

स्टुलावर बसून लिहितेय, रजिस्टर मांडीवर. डॉक्टरांची वेळ अकराची, गाडी दहाला. निघायच्या आधी फक्त दहा मिनिटं बसवायचं ठरवलं होतं, गाडीत स्वेटर खराब नको म्हणून. चौथ्या मिनिटाला केलं. नळीने पाणी बदललं. आता पितोय. मान लांब, डोळे अर्धे मिटलेले. आज सावकाश चाललंय, दोन घोटांमधे थांबतो, विचार करतो, पुन्हा पितो.

हे दारात, हातात बॅग. "गाडी खाली आली. ड्रायव्हरचा दुसऱ्यांदा फोन."

"एकतीस."

"तो थांबणार नाही म्हणतोय."

"बत्तीस."

एक्स-रेत जे असेल ते असेल, ते आता पाच-दहा मिनिटांनी बदलणार नाही. तहान मात्र ह्या क्षणाला लागलेली आहे. ह्यांना म्हटलं, ही गाडी जाऊ द्या, दुसरी बोलवा.